विद्यार्थी प्रवृत्तीचा रकाना

बी.एड.च्या पाठ टाचणात, म्हणजे शिकवण्याआधी लिहायच्या आराखड्यात, एक रकाना असतो. आमच्या बडोद्यात टाचण गुजरातीत लिहायचं, त्यामुळे त्याचं नाव 'विद्यार्थी प्रवृत्ती'. गुजरातीत प्रवृत्ती म्हणजे कृती. त्याच्या शेजारी 'शिक्षक प्रवृत्ती'. म्हणजे या बाजूला मी काय विचारणार ते लिहायचं आणि त्या बाजूला मुलं काय उत्तर देणार ते. मुलांची उत्तरं आदल्या रात्री आपणच घरी बसून लिहायची. अर्धी रोटली आणि अर्धी रोटली मिळून किती? एक रोटली. पुढचा प्रश्न. असे कितीतरी रकाने मी भरले. त्यातल्या एका जागी मुलाने भलतंच उत्तर दिलं आणि तिथून माझं शिकवणं खऱ्या अर्थाने सुरू झालं.

माझं घर दांडिया बाजारात. आठवीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकले, पुढे इंग्रजीत, आणि बी.एस्सी.चं गणितही इंग्रजीतच झालं. गुजराती आमच्या तोंडात जन्मापासून आहे: भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, गरब्याच्या मैदानात मैत्रिणींशी. पण रस्त्यावरची भाषा आणि फळ्यावरची भाषा यांत केवढं अंतर असतं, हे मला त्या भाषेत गणित शिकवायला उभं राहिल्यावर कळलं. घरी मात्र माझ्या या शिक्षणाचं फार कौतुक होतं. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू करून पाहिलं आणि 1906 मध्ये ते साऱ्या संस्थानात लागू केलं. आजोबांची आई त्याच सक्तीमुळे शाळेत गेली. आजोबा हे एवढ्या जिव्हाळ्याने सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं कालच घडलंय. "आपल्या घरात अक्षर शाळेमुळे आलं, आता तू ते दुसऱ्याच्या घरात ने," असं ते मला प्रवेश मिळाला त्या दिवशी म्हणाले होते.

पहिल्या सत्रात सूक्ष्म पाठ. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं प्रत्याभरण, म्हणजे कसं झालं ते ऐकायचं, बारा मिनिटांत पुन्हा नियोजन, पुन्हा सहा मिनिटं पाठ आणि पुन्हा सहा मिनिटं प्रत्याभरण. छत्तीस मिनिटांचं हे चक्र. एका पाठात एकच कौशल्य घ्यायचं: विषयाभिमुख (पाठाची सुरुवात), प्रश्नप्रवाहिता (ओघाने प्रश्न विचारणं), सुदृढीकरण (उत्तराला शाबासकी), उत्तेजना परिवर्तन (आवाज, हावभाव बदलत राहणं), फलकलेखन. ही पद्धत 1963 च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात निघाली आणि भारतात तिच्यावर सुरुवातीच्या काळात जे महत्त्वाचं संशोधन झालं, त्यातलं बरंचसं 1970 च्या दशकात आमच्याच गावात, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात झालं. मला याचा अभिमान आहे. त्या सहा मिनिटांनी मला पुष्कळ दिलं. मी बोलताना फळ्याकडे तोंड करते, 'बरोबर' हा शब्द दर वाक्याला म्हणते, प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देऊन टाकते, हे मला मैत्रिणींनी कागदावर रेघा मारत मोजून दाखवलं. एका पाठात सव्वीस वेळा 'बरोबर'.

पण सूक्ष्म पाठात समोर बसलेले विद्यार्थी म्हणजे आपलेच सहाध्यायी. ते सहावीतल्या मुलांचं सोंग घेतात आणि आपल्याला जे उत्तर हवं तेच देतात. कारण पुढच्या छत्तीस मिनिटांत त्यांचा नंबर असतो. तिथे विद्यार्थी प्रवृत्तीचा रकाना कधीच चुकत नाही.

बी.एड. दोन वर्षांचं झाल्यापासून दुसऱ्या वर्षी सोळा आठवडे शाळेतच काढायचे असतात. मला मिळालेली शाळा विश्वामित्री नदीच्या पलीकडे, गुजराती माध्यमाची. नाव लिहीत नाही. सहावी ब चं गणित माझ्याकडे आलं. मुलं आम्हाला 'बी.एड.वाळां बेन', म्हणजे बी.एड.वाल्या बाई, म्हणत. शिक्षकांच्या खोलीत आमच्यासाठी खुर्च्या नव्हत्या, म्हणून आम्ही सहाजणी प्रयोगशाळेत, ओट्याच्या कडेला स्टुलं ओढून बसायचो. पाठ असेल त्या दिवशी साडी. पहाटे उठून निऱ्या नीट बसवायच्या, डबा, चार्टपेपरची गुंडाळी, टाचणवही, मग ॲक्टिव्हावर दोघी. पहिल्या आठवड्यात घसा इतका बसला की आई रोज रात्री मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावायची. कोणी शिक्षक गैरहजर असले की त्यांचा तास आम्हाला. हजेरीपट भरणं, परीक्षेच्या गुणांच्या याद्या, मध्यान्ह भोजनाच्या वेळी रांगा. कधीकधी वाटायचं, आपण शिकवायला आलोय की कारकुनी करायला? एका आठवड्यात मला माझे स्वतःचे फक्त दोन तास मिळाले, बाकी सगळे दुसऱ्यांच्या बदली. त्याचं वाईट वाटलं होतं आणि अजून वाटतं.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते निरीक्षण पाठांनी. मैत्रिणीचा पाठ चालू असताना शेवटच्या बाकावर बसून निरीक्षण नोंदवायचं. शिक्षक फळ्यापाशी उभा राहून मुलांचे चेहरे बघतो. मागून बघणाऱ्याला त्यांचे हात दिसतात. एक मुलगी प्रत्येक उदाहरण आधी बाकावर बोटाने करायची, मग वहीत. एकाने उत्तर लिहिलं, बेन जवळ येताहेत हे पाहिलं आणि खोडरबराने ते इतक्या घाईने पुसलं की कागद फाटला. पुसलेलं उत्तर बरोबर होतं. मी ते मैत्रिणीच्या निरीक्षण पत्रकात लिहिलं. त्यासाठी वेगळा रकाना नव्हता, समासात लिहिलं.

माझा पहिला पाठ अपूर्णांकांच्या बेरजेचा. अपूर्णांक, अंश, छेद, गुणाकार, भागाकार हे शब्द मराठीत आणि गुजरातीत सारखेच, त्यामुळे मी निर्धास्त होते. फळ्यावर शीर्षक लिहिलं आणि वळले तर मुलं खुसखुसत होती. हाताच्या सवयीने मी गुजराती अक्षरांच्या डोक्यावर आडवी रेघ ओढली होती. गुजरातीला शिरोरेषा नाही. ती पुसली. मग म्हणाले, आता आपण या दोघांची बेरीज करू. वर्ग गप्प. पुढच्या बाकावरच्या मुलीने अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा आवाजात विचारलं, "बेन, सरवाळो?" हो, सरवाळो. वजाबाकीला बादबाकी, पाढ्यांना घडिया. हे सगळं मला ठाऊक होतं, पण उभं राहून शिकवताना डोकं आपल्या पहिल्या शाळेच्या भाषेत गणित करतं. 'बे त्रिक सहा' मी मनात म्हणते आणि तोंडाने 'बे तरी छ' सांगते.

तो पाठ छान झाला. मार्गदर्शक प्राध्यापकांनी शेरा लिहिला: फलकलेखन सुधारावे, प्रश्न चांगले. मुलांनी मोठ्याने उत्तरं दिली, माझ्या रकान्यातली. मी आनंदात घरी गेले.

दुसऱ्या दिवशी वह्या तपासल्या. चाळीसपैकी सतरा वह्यांत एक छेद दोन अधिक एक छेद तीन याचं उत्तर दोन छेद पाच. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. सतरा! वर्गात तर सगळे एका सुरात बोलत होते. लाल पेन हातात घेऊन मी प्रयोगशाळेच्या स्टुलावर बसून राहिले. शाळेच्या गणिताच्या बेन तिथे आल्या. वीस-बावीस वर्षं शिकवताहेत. त्यांनी दोन-तीन वह्या उलटल्या आणि सांगितलं, फुल्या मारू नकोस, आधी विचार की कसं केलंस.

मी विचारलं. तिसऱ्या बाकावर खिडकीकडे बसणारा एक मुलगा होता, बारीक, वहीचे कोपरे सगळे दुमडलेले. त्याच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "केवी रीते कर्युं?"

त्याला वाटलं आता ओरडा बसणार. मग मी ओरडत नाही हे पाहून त्याने सांगायला सुरुवात केली. काल त्यांच्या गल्लीत क्रिकेटच्या दोन मॅच झाल्या, त्यातली एक त्याच्या संघाने जिंकली. म्हणजे दोनापैकी एक. आज तीन झाल्या, एक जिंकली. तीनापैकी एक. मग एकूण किती मॅच? पाच. जिंकल्या किती? दोन. पाचापैकी दोन.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्याच्या बोलण्यात चूक कुठे होती? पाच मॅचमध्ये दोन जिंकल्या हे खरंच होतं. मी बी.एस्सी. गणित केलेली मुलगी, आणि बारा वर्षांच्या मुलाला त्याक्षणी उत्तर देऊ शकले नाही. लसावि काढायचा असतो, नियम आहे, एवढंच सांगता आलं असतं. ते सांगायला जीभ वळली नाही. त्याला म्हटलं, मला विचार करू दे, उद्या सांगते.

त्या रात्री मी आलेखाच्या कागदाच्या बारा सेंटिमीटरच्या पट्ट्या कापल्या, चाळीस मुलांना पुरतील इतक्या. आजोबा शेजारी बसून कात्री चालवत होते. त्यांच्या लहानपणी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घ्यायचे, तीसपर्यंत. त्यांना पाऊणकी अजून येते. "पण आम्हाला ती का, हे कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या वाटल्या. अर्धी पट्टी रंगवा: सहा सेंटिमीटर. त्याच्या पुढे तिसरा भाग रंगवा: चार सेंटिमीटर. किती झालं? दहा. बारातले दहा, म्हणजे सहातले पाच. आता पट्टीचे पाच भाग करून त्यातले दोन घेतले तर? त्यांनी भागाकार केला, चार पॉइंट आठ. बोटाने बाकावर उदाहरणं करणारी मुलगी म्हणाली, बेन, पण हे तर पहिल्या अर्ध्यापेक्षाही कमी आहे! अर्ध्यात काही मिळवलं आणि अर्ध्याहून कमी झालं, असं कसं? हे वाक्य मी टाचणात लिहिलं नव्हतं. हे तिचं.

तिसऱ्या बाकावरच्या मुलाने पट्टी रंगवली, मोजली, दहा आले हेही मान्य केलं. पण त्याचा चेहरा उजळला नाही. "तो मेच मां?" मग मॅचमध्ये काय? मी सांगायचा प्रयत्न केला: तिथे दोन मॅचचा गट वेगळा, तीनचा वेगळा, इथे पट्टी एकच. त्याने मान हलवली. मुलं शिक्षकाचं मन राखायला मान हलवतात, तशी.

ऑगस्ट 2024 च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीला पूर आला. बडोदेकरांना त्याबद्दल वेगळं सांगायला नको. आमच्या दांडिया बाजारात फारसं काही झालं नाही, पण नदीच्या काठच्या वस्त्यांत दिवसचे दिवस पाणी होतं. शाळा बंद. उघडली तेव्हा वर्गात ओल्या भिंतींचा आणि फिनेलचा वास, आणि बाकांवर फुगलेल्या वह्या. उन्हात वाळवलेल्या, पानं एकमेकांना चिकटलेली, शाई पसरून निळे डाग पडलेल्या. "बेन, मारी चोपडी पलळी गई." माझं पुस्तक भिजलं. दहा-बारा मुलं एकामागून एक हेच सांगायला आली. मी त्या दिवशीचं टाचण पिशवीतून काढलंच नाही.

कुणाकडे किती पाणी होतं, एवढंच विचारलं. "अडधा बारणा सुधी." अर्ध्या दरवाजापर्यंत. "अमारे पोणा बारणा सुधी." पाऊण दरवाजा. मुलं हातवारे करून सांगू लागली. मी फळ्यावर एक मोठा दरवाजा काढला आणि खडू त्यांच्या हातात दिला. ज्याच्याकडे जेवढं पाणी, तेवढ्यावर रेघ. पाव, अर्धा, पाऊण. उंचावर राहणाऱ्या एका मुलाने उंबऱ्याशी रेघ ओढली आणि शेजारी शून्य लिहिलं. एक मुलगी उठली नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "आखुं." अख्खा. ते सगळे वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे दोन रात्री होते. वर्ग शांत झाला. मी तिच्याजवळ जाऊन बसले. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही, मीही नाही.

मग मागून एकाने अगदी साधी गोष्ट सांगितली. फळ्यावर त्याची रेघ अर्ध्यावर होती आणि दुसऱ्याचीही अर्ध्यावर. "पण बेन, अमारुं बारणुं नानुं छे." आमचा दरवाजा लहान आहे. म्हणजे दोघांकडेही अर्धा दरवाजा, पण पाणी सारखं नाही. मी म्हटलं, मग एकाच चित्रावर दोन्ही रेघा ओढता येतील का? बोलाचाली सुरू झाली. नाही, दोन दरवाजे काढावे लागतील. नाही, मोजायला एकच दरवाजा ठरवावा लागेल. सगळ्यांनी शाळेच्या दरवाजावर सांगायचं.

तिसऱ्या बाकावरचा मुलगा एवढा वेळ गप्प होता. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तो मारी मेच जेवुं थयुं." मग हे माझ्या मॅचसारखंच झालं. दोन मॅचमधला अर्धा आणि तीन मॅचमधला तिसरा भाग, दरवाजे वेगवेगळे. ते मिळवले तर पाच मॅचचा तिसराच दरवाजा होतो. एका दरवाजावर मिळवायचं असेल तर पट्टी करावी लागेल.

मी आधी जे समजावून सांगितलं होतं, तेच हे होतं, पण माझ्या शब्दांत ते त्याला पोचलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तोपर्यंत ते मलाही पुरतं कळलेलं नव्हतं. अपूर्णांक कशाचा, हा प्रश्न मी पदवीपर्यंत कधी स्वतःला विचारला नव्हता. त्या संध्याकाळी आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, पाऊण म्हणजे कशाच्या पाऊण हे दुकानदार न विचारता जाणतो, शाळेत विचारावं लागतं.

त्यानंतरचे आठवडे भराभर गेले. नवरात्रीत मुलं पेंगत यायची, आम्हीही. दिवाळीच्या सुट्टीआधी निरोप झाला. बोटाने गणित करणाऱ्या मुलीने मला एक खडू दिला, तिच्याकडचा गुलाबी, न वापरलेला. शाळेच्या बेननी माझ्या शेवटच्या पानावर सही करताना एवढंच म्हटलं, विचारत राहा. माझ्या टाचणांत तोपर्यंत एक सवय लागली होती. प्रत्येक मुद्द्यापाशी मी विद्यार्थी प्रवृत्तीच्या रकान्यात बरोबर उत्तराखाली चुकीची येऊ शकतील अशी उत्तरंही लिहायचे, आणि ती कुठल्या विचारातून येतील ते कंसात. आधीच्या दिवशीच्या वह्या चाळून ती मिळायची. यात वेळ जायचा. एका टाचणाला अडीच-तीन तास. मैत्रिणी म्हणायच्या, एवढं कोण वाचतं?

वार्षिक पाठ, म्हणजे परीक्षेचा, दुसऱ्या शाळेत झाला, अनोळखी मुलं. विषय मी मागून घेतला: भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज. बाहेरून आलेले परीक्षक मागच्या बाकावर बसले होते, टाचण उघडं ठेवून. पाठ सुरू होण्याआधी त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं. विद्यार्थी प्रवृत्तीच्या रकान्यावर त्यांचं बोट होतं.

"इथे दोन छेद पाच लिहिलंय. हे चूक आहे. नजरचुकीने राहिलं का?"

"नाही सर," मी म्हटलं, "ते मुद्दाम लिहिलंय. वर्गातल्या कुणीतरी ते उत्तर देईल. दिलं, तर मी त्याला गल्लीतल्या मॅचबद्दल विचारणार आहे."

त्यांनी टाचण माझ्या हातात परत दिलं आणि चष्मा लावून फळ्याकडे बघत बसले. मी खडू उचलला. प्रश्न विचारला. सातव्या मिनिटाला, दाराजवळच्या बाकावरून, एका मुलीने हात वर केला आणि म्हणाली, दोन छेद पाच.